आधीं कोणीं द्यावयाचें?

गेल्या वर्षीं वैशाखांत आम्ही अमेरिकेस, न्यू जर्सी संस्थानांतील एडिसन या गांवीं, आमच्या मावशींकडे महिनाभर राहून आलों. मावशींचें वय ७४. यजमानांच्या पश्चात् पुण्यांतील बिऱ्हाड मोडून त्या मुलाकडे गेल्या, त्यास आतां नऊ वर्षें झालीं. आम्ही तेथें असतांनाच एके दिवशीं त्या मुलाबरोबर मोटारींतून भाजी आणावयास निघाल्या, आणि चौकांत तांबड्या दिव्यापाशीं गाडी उभी असतां मागून दुसरी गाडी येऊन आदळली. जिवावर आलें होतें तें मनगटावर निभावलें. उजव्या हाताचें हाड मोडलें, खांद्यास मार बसला, आणि दोन रात्री इस्पितळांत काढाव्या लागल्या.

इस्पितळांत हात बांधून झाल्यावर एक कारकून बाई कागद घेऊन आली आणि तिनें प्रश्नांची सरबत्ती सुरू केली. तुम्ही नोकरी करतां काय? तुमचे यजमान नोकरी करतात काय? त्यांच्या कचेरींत नोकर किती? ही इजा कामावर असतां झाली काय? मोटारीच्या अपघातांत झाली काय? दुसऱ्या कोणाच्या चुकीमुळें झाली असें तुम्हांस वाटतें काय? विमा कोणत्या कंपनीचा? पांढऱ्या कपाळाच्या वृद्ध बाईस तिचे यजमान कोठें नोकरीस आहेत हें विचारलेलें ऐकून आमचा मावसभाऊ संतापला. "आईचें मेडिकेअर आहे, हें घ्या कार्ड," एवढें बोलून त्यानें संभाषण संपविलें. अपघात झांकण्यासारखा नव्हता. परंतु विमा कंपनीच्या प्रश्नास "मागून कळवूं" एवढेंच उत्तर मिळालें. मोटारीच्या विम्याचा कागद त्याच्या खिशांत होता, तो खिशांतच राहिला. आईच्या उपचाराचा दावा आपल्या विम्यावर गेला तर पुढल्या वर्षीं हप्ता वाढेल, ही त्याची धास्ती. हा शहाणपणा आम्हांसहि त्या वेळीं पटला होता, हें कबूल केलें पाहिजे.

सात महिन्यांनीं मावशींच्या नांवें एक पत्र आलें. तुमच्या उपचारांसाठीं मेडिकेअरनें दिलेला पैसा सशर्त दिलेला आहे; या खर्चास दुसरा देणेकरी असल्याचें आढळून येतें; सबब ही रक्कम परत करावी लागेल, असा त्याचा मजकूर. त्या रात्रीं मावशींचा आम्हांस फोन आला. "अरे, आम्हीं सरकारला फसविलें असें म्हणतात काय रे हे लोक?" शेजारणीची वाटीभर साखरहि ज्यांनीं कधीं दुसऱ्या दिवसापलीकडे घरांत ठेवली नाहीं, त्यांच्या तोंडचें हें वाक्य ऐकून आम्हांस आमचें इस्पितळांतील मौन आठवलें आणि शरम वाटली. आम्ही या विषयाच्या मागें लागलों तो त्या फोनमुळें.

आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या घरचें कोणी ना कोणी आज त्या देशांत आहे, आणि कित्येक घरांतील वडील मंडळी उतारवयांत तिकडे जाऊन राहिली आहे. त्यांच्या आजारपणाचे पैसे कोण देतो याचा आपण इकडे बसून फारसा विचार करीत नाहीं. 'तिकडे सगळें सरकार बघतें' आणि 'तिकडे सगळें कंपनी बघते' या दोन वाक्यांत विषय संपतो. दोन्ही वाक्यें अर्धवट खरीं आहेत, आणि सारा घोटाळा त्या दोहोंमधल्या सांध्यांत आहे.

वृद्धांच्या औषधोपचाराचा भार सरकारनें उचलावा ही कल्पना अमेरिकेंत सहजासहजीं रुजली नाहीं. अध्यक्ष हॅरी ट्रूमन यांनीं १९४५ सालीं साऱ्या राष्ट्रासाठीं आरोग्यविम्याची योजना मांडली. डॉक्टरांच्या संघटनेच्या विरोधापुढें ती टिकली नाहीं. वीस वर्षांनीं, ३० जुलै १९६५ रोजीं, अध्यक्ष लिंडन जॉन्सन मुद्दाम मिसूरी संस्थानांतील इंडिपेन्डन्स या ट्रूमन यांच्या गांवीं गेले, आणि त्या वृद्ध माजी अध्यक्षांच्या समक्ष त्यांनीं कायद्यावर सही केली. पहिलें कार्डहि ट्रूमन यांसच देण्यांत आलें. एकाच कायद्याच्या पोटीं दोन योजना जन्मास आल्या. वयाचीं ६५ वर्षें पुरीं झालेल्यांसाठीं मध्यवर्ती सरकारचें मेडिकेअर, आणि गरिबांसाठीं मध्यवर्ती सरकार व संस्थानें यांनीं मिळून चालवावयाचें मेडिकेड. मेडिकेअरमध्यें पुढें १९७२ च्या कायद्यानें कायमचे अपंग व मूत्रपिंड निकामी झालेले रुग्ण यांचाहि समावेश झाला. नांवें जुळ्या बहिणींसारखीं असल्यामुळें आपले लोक या दोहोंची नेहमीं गल्लत करतात. मावशींचें कार्ड मेडिकेअरचें. पांच वर्षें तेथें सलग राहिल्यावर, हप्ता भरून, तें त्यांना मिळालें आहे.

आरंभीं पहिला देणेकरी मेडिकेअरच असे. कामावर झालेल्या इजेची भरपाई तेवढी मालकाच्या विम्यावर टाकलेली होती. एरवीं बहुतेक सर्व ठिकाणीं सरकारचा पाट पंक्तींत पहिला. याचा परिणाम व्हावयाचा तोच झाला. माणूस ६५ वर्षांचा होऊनहि नोकरींत असला, तर त्याच्या कंपनीचा विमा त्याचा हप्ता घेई, आणि दुखणें आलें कीं मेडिकेअरकडे बोट दाखवी. मोटार अपघाताचेंहि तेंच.

डिसेंबर १९८० मध्यें कायदा फिरला. मोटारीचा विमा, आणि दुसऱ्याच्या चुकीबद्दल भरपाई देणारा विमा, यांनीं आधीं द्यावें व मेडिकेअरनें मागून द्यावें, असें ठरलें. एकदां हें दार उघडल्यावर पुढचीं पावलें भराभर पडलीं. १९८१ सालीं मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या बाबतींत नोकरीचा विमा पहिल्या १२ महिन्यांपुरता पुढें आला; ती मुदत वाढत वाढत १९९७ च्या कायद्यानें ३० महिन्यांवर गेली. १९८२ सालीं नोकरींत असलेल्या ६५ ते ६९ वयाच्या माणसांचा क्रम बदलला, १९८४ सालीं त्यांच्या पतिपत्नींचा. १९८६ सालीं सत्तरीची मर्यादा गेली आणि अपंगहि या नियमाखालीं आले. हीं बहुतेक कलमें अंदाजपत्रकाची तोंडमिळवणी करण्यासाठीं आणलेल्या जाडजूड कायद्यांत घातलेलीं आहेत. वृद्धांविषयीं कोणास नवी दृष्टि आली म्हणून नव्हे, तर खजिना आटूं लागला म्हणून हा क्रम पालटला. पण कारण कांहींहि असो, पालटला तो योग्यच पालटला, असें आमचें मत आहे.

एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसास हें फार फोडून सांगावयास नको. घरांत समाईक पेटी असते आणि चार भावांपैकीं दोघांची स्वतःची मिळकतहि असते. ज्याच्या कचेरींतून औषधाचें बिल मिळतें त्यानें तें आधीं कचेरींतून वसूल करावें आणि उरलेल्यापुरता पेटीस हात घालावा, म्हणजे ज्यास दुसरा आधार नाहीं त्याच्या वेळीं पेटींत कांहीं शिल्लक असतें. असें आपण म्हणतों खरें. घडतें तें पुष्कळदां उलट. स्वकष्टार्जित असेल तें माझें आणि दुखणें येईल तें समाईक, या न्यायानें किती वाडे पडले त्याची गणती नाहीं. अमेरिकेंतील विमा कंपन्या १९८० पर्यंत करीत होत्या तें याहून फारसें निराळें नव्हतें.

त्या कारकून बाईच्या प्रश्नांचा उलगडा आतां होईल. यजमान नोकरींत असतील आणि पत्नी त्यांच्या कंपनीच्या विम्यांत असेल, तर तिच्या दुखण्याचे पैसे आधीं त्या विम्यानें द्यावयाचे. म्हणून यजमानांची चौकशी. नोकर किती, हा प्रश्न तर वरवर निरर्थक दिसतो, परंतु आपले लोक हमखास ठेंचाळतात तें याच दगडावर. नोकरीचा विमा पहिला हा नियम वृद्धांच्या बाबतींत २० किंवा अधिक नोकर असलेल्या मालकासच लागू आहे (अपंगांच्या बाबतींत १००). कंपनी लहान असली कीं क्रम उलटतो, आणि मेडिकेअर पहिलें होतें.

समजा, ६६ वर्षांचे एक गृहस्थ मित्राच्या बारा माणसांच्या कचेरींत हिशेब लिहावयास जातात. कचेरीचा विमा आहे, तेव्हां मेडिकेअरच्या 'बी' भागाचा, म्हणजे डॉक्टरांच्या खर्चाच्या भागाचा, मासिक हप्ता कशाला भरा, असा त्यांचा हिशेब. हिशेबनीसाचाच हा हिशेब चुकतो. दुखणें आल्यावर कचेरीची विमा कंपनी म्हणूं शकते कीं, तुमच्या बाबतींत पहिला देणेकरी मेडिकेअर. त्यानें जेवढें दिलें असतें तेवढें वजा करून उरेल तें आम्ही देऊं. मेडिकेअर तर त्यांनीं घेतलेलेंच नाहीं. मधल्या रकमेस धनी कोण? गृहस्थ स्वतः.

याचाच दुसरा प्रकार नोकरी सोडल्यावर घडतो. कंपनीचा जुना विमा सगळा हप्ता स्वतः भरून कांहीं काळ चालू ठेवण्याची सोय तेथील कायद्यांत आहे. विमा तोच, कार्ड तेंच. म्हणून माणूस निश्चिंत राहतो. परंतु नियम पाहतो तो चालू नोकरी, कार्ड नव्हे. नोकरी सुटतांच मेडिकेअर पहिलें झालेलें असतें. नोकरी किंवा तिचा विमा यांपैकीं जें आधीं संपेल तेथून 'बी' भाग घेण्यास ८ महिन्यांची मुदत मिळते. ती चुकविली तर उशिराच्या दर पुऱ्या बारा महिन्यांमागें हप्ता १० टक्क्यांनीं चढतो, आणि ती चढ तो भाग असेपर्यंत, बहुधा जन्मभर, भरावी लागते. मोठ्या कंपन्यांतील लोकांस उलट एक संरक्षण आहे तेंहि सांगून ठेवतों. 'तुमचें वय झालें, आतां आमचा विमा सोडा आणि मेडिकेअरवर जा,' असें म्हणण्याचा किंवा त्यासाठीं लालूच दाखविण्याचा मालकास अधिकार नाहीं.

आतां मावशींच्या पत्राकडे वळूं. न्यू जर्सींत मोटार अपघातांतील उपचाराचा खर्च, चूक कोणाचीहि असो, प्रथम आपल्याच मोटारीच्या विम्यानें द्यावयाचा अशी पद्धत आहे, आणि त्या विम्याच्या छत्राखालीं घरांत राहणारे नातलगहि येतात. तेथें हप्ता कमी व्हावा म्हणून 'अपघातांत माझा खासगी आरोग्यविमा आधीं देईल' असा पर्याय मोटारमालकास घेतां येतो. मात्र मेडिकेअर किंवा मेडिकेड असलेल्या माणसापुरता तो चालत नाहीं. सरकारी योजनेस पुढें ढकलून खासगी हप्ता कमी करण्याची वाट तेथें बंद केलेली आहे. अर्थात् मावशींच्या मनगटाचा पहिला देणेकरी त्यांच्या मुलाचा मोटारविमा होता, त्याच्या खिशांतला.

मग मेडिकेअरनें मुळांत पैसे दिलेच कां? कारण, देणेकरी कोण याचा वाद चालू असतां रुग्णानें ताटकळत बसूं नये असें कायदा म्हणतो. दुसरा विमा वेळेवर देईल असें दिसत नसलें तर मेडिकेअर पैसे पुढें करतें; मात्र ते सशर्त, हातउसने. दुसऱ्या विम्याचे पैसे आले कीं ते परत करावयाचे. पत्रांतील 'सशर्त' या शब्दाचा अर्थ एवढाच होता; त्यांत चोरीचा आरोप नव्हता. खिशांतला कागद सरकारास कळला कसा, याचें मावसभावास मोठें आश्चर्य. परंतु गाडीच्या मोडतोडीचा दावा त्यानें स्वतःच केला होता, आणि त्यांतून मावशींचें नांव विमा कंपनीकडे गेलें होतें. मेडिकेअर असलेल्या माणसाशीं आपला संबंध आला कीं तो सरकारास कळविणें विमा कंपन्यांस २००७ च्या कायद्यानें सक्तीचें केलें आहे, आणि न कळविल्यास दररोज हजार डॉलरपर्यंत दंडाची तरतूद आहे. हजार डॉलर रोज म्हटल्यावर कोणती कंपनी आमच्या मावसभावाचें गुपित राखणार?

मेडिकेडचा नियम याहून कडक. तें शेवटचा देणेकरी, म्हणजे सगळीं दारें ठोठावून झाल्यावर उघडावयाचें दार. रुग्णाच्या खर्चास दुसरा कोणी जबाबदार आहे काय याचा शोध घेणें हें १९६७ च्या दुरुस्तीपासून संस्थानांचें कर्तव्यच झालें आहे. मेडिकेड घेणारा माणूस औषधोपचाराची भरपाई इतरांकडून मागण्याचा आपला हक्क संस्थानाच्या हवालीं करतो. गरिबांजवळ कसला आला आहे विमा, असें वाटेल. तेथील सरकारी हिशेबतपासनीसांच्या कचेरीनें २०१२ सालापुरता अंदाज केला तेव्हां मेडिकेडमधील ७६ लाख लोकांपाशीं, म्हणजे शेंकडा १३.४ लोकांपाशीं, खासगी विमाहि असल्याचें दिसलें. नवऱ्याची नोकरी, बापाची नोकरी, अशा वाटांनीं तो आलेला असतो.

वसुलीच्या रीति दोन. दुसरा विमा आहे हें आधींच ठाऊक असेल तर बिल हातांत न धरतां तिकडे पाठवावयाचें. ठाऊक नसेल तर आधीं पैसे द्यावयाचे आणि मग विमा कंपनीच्या मागें धांवावयाचें. धांवणें हा शब्द अक्षरशः घ्यावा. मुदत टळली, नमुना चुकला, अशा सबबींवर कंपन्या संस्थानांस वाटेस लावीत. शेवटीं २००६ सालीं सही झालेल्या कायद्यानें संस्थानांस सांगितलें कीं, उपचारापासून तीन वर्षांपर्यंत केलेली मागणी कंपन्यांनीं असल्या कारणांसाठीं नाकारूं नये असे कायदे तुम्ही करा. एका बाबतींत मात्र कायद्यानें जाणूनबुजून सौम्यपणा ठेविला आहे, आणि तो आम्हांस फार आवडला. लहान मुलांच्या लसी, तपासण्या वगैरे प्रतिबंधक उपचारांचे पैसे संस्थानानें मुकाट्यानें आधीं द्यावयाचे आणि धांवाधांव मागून करावयाची. पोराची लस दोन कारकुनांच्या पत्रव्यवहारासाठीं अडूं नये.

येथवर वाचून वाचकांस वाटेल कीं नियम चोख आहे. विमा कंपनीनें हप्ता घेतला, तिनें आधीं द्यावें. यांत कोणावर अन्याय? अन्याय होतो तो, पैसा विमा कंपनीच्या थैलींतून थेट न येतां जखमी माणसाच्या ओंजळींतून काढून घ्यावा लागतो तेव्हां. याच्या दोन हकीकती अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या आहेत.

पहिली आर्कान्सॉ संस्थानांतील. १९९६ च्या २ जानेवारीस एकोणीस वर्षांची एक कॉलेजांत शिकणारी मुलगी मोटार अपघातांत सांपडली. तिला शिक्षिका व्हावयाचें होतें. मेंदूस कायमची इजा झाली आणि तें स्वप्न तेथेंच संपलें. मेडिकेडनें तिच्या उपचारांसाठीं २,१५,६४५ डॉलर दिले. तिचें एकंदर नुकसान, म्हणजे उपचार, बुडालेली कमाई, भोगलेल्या यातना, सारें मिळून ३० लाख डॉलरांच्या वर धरण्यांत आलें. परंतु प्रतिपक्षाशीं तडजोड झाली ती साडेपांच लाखांवर, म्हणजे सुमारें एकषष्ठांशावर. संस्थान म्हणालें, आमचे २,१५,६४५ आधीं पुरे द्या. मुलीचें म्हणणें असें कीं, मला रुपयांत पावणेतीन आणे मिळाले असतां तुम्हांस रुपयाचा रुपया कसा? उपचाराच्या सदराखालीं माझ्या हातांत जें आलें तें त्याच प्रमाणांत, ३५,५८१ डॉलर. तेवढ्यावर तुमचा हक्क. जो कायदा दुसऱ्या देणेकऱ्याचा शोध घ्या म्हणतो, तोच कायदा जिवंत रुग्णाच्या स्वतःच्या मालमत्तेवर बोजा चढवूं नका असेंहि म्हणतो. या आधारावर २००६ सालीं सर्व न्यायमूर्तींनीं एकमतानें मुलीच्या बाजूनें निकाल दिला.

दुसरी हकीकत फ्लोरिडांतील, आणि ती लिहितांना हात अडखळतो. २००८ सालीं तेरा वर्षांची एक मुलगी शाळेच्या बसमधून उतरली आणि मालमोटारीखालीं आली. ती शुद्धीवर आलीच नाहीं; देह राहिला, भान गेलें. मेडिकेडनें ८,६२,६८८ डॉलर खर्च केले. आईबापांनीं मुलीच्या वतीनें दोन कोटींहून अधिक भरपाई मागितली होती; तडजोड झाली आठ लाखांवर. पहिल्या निकालाच्या हिशेबानें त्यांत झालेल्या उपचारांचा वांटा ३५,३६७ डॉलर. फ्लोरिडाच्या कायद्यांत मात्र ठराविक कोष्टक होतें, त्याप्रमाणें तडजोडीच्या ३७.५ टक्के, म्हणजे तीन लाख डॉलर, संस्थानाचे होत. झालेल्या उपचारांपुरतेंच नव्हे, तर पुढें जन्मभर लागणाऱ्या शुश्रूषेसाठीं मिळालेल्या रकमेंतूनहि वसुली करतां येईल काय, असा प्रश्न पडला. २०२२ च्या जूनमध्यें न्यायालयानें सात विरुद्ध दोन मतांनीं सांगितलें, येईल.

विरुद्ध मत न्यायमूर्ति सोटोमायोर यांनीं लिहिलें व न्यायमूर्ति ब्रायर यांनीं त्यास संमति दिली. आमचें मन त्या दोघांकडे आहे. संस्थानाचा पैसा हा दुसऱ्या गरिबांचाच पैसा, हें आम्ही विसरत नाहीं. मेडिकेडच्या पेटींत परत आलेल्या तीन लाखांतून दुसरीं मुलें बरीं होतील, हेंहि मान्य. तरी पण विमा कंपनीस पुढें करणें आणि अंथरुणास खिळलेल्या मुलीस पुढें करणें या दोन गोष्टी एक नव्हेत. पहिल्या गोष्टीसाठीं हा क्रम घातला गेला. पुढल्या पन्नास वर्षांच्या दाईचे पैसे मागील बिलासाठीं काढून घेण्यासाठीं तो घातला गेला असें म्हणणें आम्हांस जड जातें. आमच्या घरांतील एका वकिलांचें मत याच्या नेमकें उलट आहे. मेडिकेड पुढील शुश्रूषाहि करणारच, मग त्या सदरावर त्याचा हक्क कां नसावा, असें ते विचारतात. जेवणाच्या पाटावर हा वाद दोन दिवस चालला होता.

आपल्याकडेहि हा प्रश्न दूर नाहीं. ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेचें दार सत्तर वर्षांवरील सर्वांस, उत्पन्न न पाहतां, वर्षाकांठीं पांच लाखांपर्यंत उघडलें आहे. केंद्र सरकारच्या नोकरांच्या आरोग्ययोजनेसारख्या योजनांत असलेल्यांनीं दोहोंपैकीं एक निवडावी; खासगी पॉलिसी असलेल्यांस मात्र दोन्ही ठेवतां येतात. घरांत पॉलिसी असतां आजोबांच्या शस्त्रक्रियेस आधीं कोणतें कार्ड पुढें करावें, ही चर्चा आम्हीं एव्हांच दोन घरांत ऐकली आहे.

ज्यांचीं वडील माणसें अमेरिकेंत आहेत त्यांस एवढेंच सुचवितों कीं, एका कागदावर चार गोष्टी लिहून तो कार्डाबरोबर ठेवावा. स्वतःची व पतीची अगर पत्नीची नोकरी केव्हां सुटली ती तारीख. ज्याच्या नोकरीचा विमा आहे त्याच्या कंपनींत नोकर किती. घरांतील मोटारीचा विमा कोणत्या कंपनीचा. आणि पडझड किंवा अपघात झाला असल्यास तो कधीं व कोठें. कारकुनानें विचारलें तर खरें तें सांगावें, राग मानूं नये. भरपाईची तडजोड झाल्यास मेडिकेअरचें येणें किती हें विचारल्यावांचून त्या पैशास हात लावूं नये. मागणीचें पत्र आल्यापासून ६० दिवसांत न फेडल्यास व्याज लागतें. वकील लावून पैसे मिळविले असल्यास वकिलाच्या खर्चाचा वांटा मेडिकेअर आपल्या रकमेंतून वजा करून देतें, हें पुष्कळांस ठाऊक नसतें.

मावशींचें प्रकरण अखेर सुरळीत मिटलें. मावसभावानें विमा कंपनीचें नांव व दाव्याचा क्रमांक वसुलीच्या कचेरीस कळविला, मोटारविम्यानें मेडिकेअरचे पैसे फेडले, आणि आतां तुमच्याकडे कांहीं येणें नाहीं असें पत्र आलें. तें पत्र मावशींनीं देव्हाऱ्याच्या खणांत, पोथीखालीं ठेविलें आहे. गेल्या महिन्यांत त्या डोळे तपासावयास गेल्या, तेव्हां तेथेंहि एक बाई कागद घेऊन बसलेली होती. मावशींनीं पिशवींतून आपला कागद काढून तिच्यापुढें ठेविला. यजमान नोकरी करतात काय, हा प्रश्न आलाच. "ते निवृत्त झाले, मीं तारीखहि सांगितली," असें त्यांनीं आम्हांस फोनवर सांगितलें, आणि मग थोडा वेळ कांहीं बोलल्या नाहींत.